पाइनच्या फळ्या, दगडाचा आव : व्हर्जिनियाचे तंबाखूवाले 'जंटलमन'

जेम्सकाठी

रिचमंडला राहायला येऊन नऊ वर्षं झाली. भारतातून पाहुणे आले की दोन तास गाडी हाकून माउंट व्हर्नन, म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टनचं घर, दाखवायचं हे आमच्याकडे ठरलेलं. या वेळी आई-बाबा होते. बाबांची उभी हयात बांधकाम खात्यात गेली. सगळे नदीकडे तोंड करून फोटो काढत होते आणि हे भिंतीपाशी. बोटाच्या पेराने हळूच टकटक केलं आणि मला हाक मारली, "अरे, हा दगड नाही, लाकूड आहे!"

खरंच लाकूड आहे. १७५८ मध्ये घर वाढवताना वॉशिंग्टनने पाइनच्या फळ्यांच्या कडा तासून घेतल्या, चिऱ्यांचे सांधे दिसावेत अशा. वर रंग दिला आणि तो ओला असतानाच त्यावर वाळू उडवली. लांबून बघणाऱ्याला इंग्लंडातल्या उमरावाची दगडी हवेली वाटावी. बाबा म्हणाले, "आपल्याकडे गिलाव्याला रेघा मारून दगड दाखवतात, त्यातलाच प्रकार." तेव्हापासून या लोकांबद्दल मिळेल ते वाचतोय, म्हणून हा धागा.

स्वातंत्र्याआधीच्या व्हर्जिनियात तंबाखूच्या मळ्यांवर गब्बर झालेली शेपन्नास घराणी होती. बर्ड, कार्टर, ली, रँडॉल्फ वगैरे. एकमेकांत सोयरिकी, विधिमंडळात हेच, चर्चच्या कारभारात हेच, कोर्टात न्यायाधीशही हेच. रॉबर्ट कार्टरला तर लोक 'किंग' म्हणत. १७३२ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्याकडे सुमारे ३ लाख एकर जमीन होती. एवढं असूनही या मंडळींना एक धाकधूक कायम असे : लंडनमधले लोक आपल्याला खरे जंटलमन समजतात की नाही?

कारण खानदान काही फार जुनं नव्हतं. विल्यम बर्ड दुसरा घ्या. आजोबा लंडनमधले सोनार. बाप मामाच्या जमिनीवर वारस म्हणून व्हर्जिनियात आला आणि व्यापार करून मोठा झाला. पोरगा १६७४ चा. सात वर्षांचा असताना बापाने त्याला शिकायला इंग्लंडला धाडलं. सात वर्षांचं पोर, मध्ये अख्खा अटलांटिक! तिकडेच तो वकील झाला, १६९६ मध्ये रॉयल सोसायटीचा सदस्य झाला, सरदार-दरकदारांत ऊठबस झाली. बाप गेल्यावर १७०५ मध्ये जेम्स नदीकाठी वेस्टोव्हरला परतला. पुढे साडेतीन हजारांहून जास्त पुस्तकं जमवली. भिंतीवर लंडनच्या लॉर्ड मित्रांची तैलचित्रं लावली. जंगलाच्या तोंडाशी राहणारा माणूस आणि रोज भिंतीवरून अर्ल बघतायत!

तो सांकेतिक लघुलिपीत रोजनिशी लिहायचा. ती विसाव्या शतकात उलगडली. रोजचा पाठ ठरलेला : पहाटे पाचच्या सुमारास उठलो, हिब्रूतला एक अध्याय वाचला, थोडं ग्रीक वाचलं, प्रार्थना केली, उकळलेलं दूध घेतलं, 'माझा नाच नाचलो' (हा बहुधा व्यायाम). रात्री शेवटी : प्रकृती उत्तम, विचार उत्तम, मनःस्थिती उत्तम, देवाची कृपा. वर्षानुवर्षं तेच. बघायला कुणी नसताना, स्वतःसाठीच, गुप्त लिपीत हा माणूस आपण जंटलमन असल्याची हजेरी लावत होता.

आता एक किस्सा. १७१७-१८ च्या सुमाराला, पहिली बायको देवीने गेल्यावर, लंडनमध्ये त्याने एका श्रीमंत बापाच्या मुलीला मागणी घातली. मालमत्तेची यादी दिली, एकर मोजून दाखवले. बापाचं म्हणणं असं पडलं की या बेटाबाहेरची जमीन मला चंद्रावरच्या जमिनीसारखीच. स्थळ मोडलं.

तुम्ही काय म्हणता? हे नुसतं नवश्रीमंतांचं ढोंग होतं, की आणखी काही?

---

खवचट_काका

वॉशिंग्टनने लहानपणी सभ्यपणाचे ११० नियम वहीत उतरवून काढले होते, ते विसरलात. मूळ फ्रान्समधल्या जेझुइट पाद्र्यांचे, सोळाव्या शतकाच्या शेवटचे. चार लोकांत वावरताना प्रत्येक कृतीत समोरच्याचा मान दिसावा, हा पहिला. पुढे पुढे मात्र शेकोटीत थुंकू नये, टेबलक्लॉथने, नॅपकिनने, काट्याने किंवा सुरीने दात साफ करू नयेत. नियम लिहून ठेवावा लागतो, याचा अर्थ लोक ते करत होते!

बाकी आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये हा दातांचा, म्हणजे शंभरावा, नियम फ्रेम करून लावायला हवा.

---

लासलगाववाला

धागा वाचून वडिलांना फोन केला. वेळ मिळाला म्हणून जरा विस्ताराने लिहितो, कारण या गोष्टीचा गाभा मला भिंतीत नाही, हिशोबात दिसतो.

बडे मळेवाले तंबाखू इथे विकत नव्हते. साधारण हजार पौंड तंबाखू दाबून बसवलेली मोठाली लाकडी पिंपं जहाजावर चढवून लंडनच्या पेढीकडे पाठवायचे. ती पेढी म्हणजे शुद्ध अडत्या. माल विकणार तो, कधी विकायचा आणि काय भावाने ते ठरवणार तो. जहाजभाडं, जकात, विमा, हमाली, वखारभाडं आणि स्वतःची अडत कापून पट्टी (विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी) पाठवणार तोच. पट्टी हातात पडेपर्यंत वर्ष उलटून जायचं. आमच्याकडे कांद्याची पट्टी आली की वडील आधी कपाती वाचतात, मग भाव. वॉशिंग्टनही तेच करायचा. त्याची आणि लंडनच्या रॉबर्ट केरी आणि कंपनीची पत्रं बघा. सतत तक्रार : शेजाऱ्याच्या तंबाखूला जास्त भाव आला, माझ्या का नाही?

खरी गंमत पुढे आहे. हाच अडत्या यांची खरेदीही करायचा. बग्गी, विग, रेशमी मोजे, चिनी मातीची भांडी, मदिरा, पुस्तकं, घोड्याचं खोगीर, सगळ्याची यादी त्याच्याकडे जायची. पैसे कुठून? पुढच्या पिकावर उचल. म्हणजे शेतमाल घेणारा, माल देणारा आणि सावकार, तिन्ही एकच. १७६० च्या एका पत्रात वॉशिंग्टन वैतागून लिहितो की आम्ही फॅशनमधल्या चांगल्या वस्तू मागवतो आणि तुम्ही आमच्या वाडवडिलांनी पूर्वी कधीतरी वापरलेल्या असाव्यात अशा पाठवता. तिकडे न खपलेला माल, वर चढे दर. तक्रार कुणाकडे करणार? त्याच्याचकडे कर्ज आहे.

कपड्यांचं तर विचारू नका. मोजमाप घ्यायला शिंपी समुद्रापलीकडे. १७६३ मध्ये हा लंडनच्या शिंप्याला कळवतो की सहा फूट उंच आणि जाड म्हणण्यापेक्षा शिडशिडीत अशा माणसाच्या मापाचे शिवा. अशाने कोट बसायचा कसा! तरी घालायचा तोच, कारण लंडनहून आलाय.

जेफरसनने पुढे लिहून ठेवलंय की मळेवाले म्हणजे लंडनच्या पेढ्यांना जोडलेली एक प्रकारची मालमत्ताच झाले होते आणि कर्ज बापाकडून मुलाकडे वारशाने जात होतं. वॉशिंग्टन त्यातल्या त्यात शहाणा. १७६० च्या दशकातच तंबाखू सोडून गव्हाकडे वळला. इतरांना ते जमलं नाही, कारण तंबाखू हे नुसतं पीक नव्हतं. कुणाचं पान कसं वाळतं, कुणाच्या पिंपाला काय भाव मिळतो, यावर माणसाची पत ठरायची.

---

मृण्मयी_द

सगळ्यांचं वाचतेय. आत्तापर्यंतच्या प्रतिसादांत तंबाखू आपोआप उगवला, आपोआप पिंपात बसला आणि जहाजावर चढला असं वाटतंय.

बर्डच्या ज्या रोजनिशीत हिब्रू आणि ग्रीक आहे, त्याच रोजनिशीत युजीन नावाचा गुलाम मुलगा आहे. त्याने अंथरूण ओलं केलं म्हणून डिसेंबर १७०९ मध्ये बर्डने त्याला पाइंटभर मूत्र प्यायला लावलं. जुलै १७१० मध्ये बर्डच्या बायकोने जेनी नावाच्या छोट्या मुलीला तापलेल्या लोखंडाने डागवलं. बर्ड लिहितो की हे माझ्या मनाविरुद्ध झालं आणि मी त्यावरून बायकोशी भांडलो. आणि मग त्याच वहीत रात्रीची तीच ओळ : विचार उत्तम, मनःस्थिती उत्तम.

आणखी एक नोंद आहे, आकाराने क्षुल्लक. फेब्रुवारी १७११. विल्यम्सबर्गला, म्हणजे वसाहतीच्या राजधानीला, समारंभाला जायचं होतं. बायको ल्युसी भुवया कोरायला बसली. बर्डने मनाई केली. ती म्हणाली, मग मी येतच नाही. हा लिहितो : मी ऐकलं नाही, तिच्यावर मात केली आणि माझा अधिकार राखला. भुवयांवरून 'अधिकार' राखावा लागणारा माणूस!

१७२६ मध्ये त्याने अर्ल ऑफ ऑररीला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. बायबलमधल्या कुलपतींसारखी माझी गुरंढोरं आहेत, माझे दास-दासी आहेत, घरच्या माणसांतच सगळे कारागीर आहेत, त्यामुळे देव सोडला तर मी कुणावरही अवलंबून नाही. लासलगाववाल्यांची पट्टी शेजारी ठेवून हे वाक्य वाचा. सासरा मेल्यावर त्याच्या जमिनींसाठी त्याची कर्जंही बर्डने अंगावर घेतली होती. ती फेडता फेडता म्हातारा झाला. म्हणून मला हे ढोंग किंवा न्यूनगंड एवढंच वाटत नाही. लंडनपुढे मान खाली घालावी लागणाऱ्याला घरात आपण सर्वेसर्वा आहोत हे रोज सिद्ध करायचं होतं. त्याची किंमत युजीन आणि जेनीने मोजली.

---

जेम्सकाठी

मृण्मयीताई, मान्य. मूळ लेखात मीच ते टाळून पुढे गेलो.

माउंट व्हर्ननला त्या दिवशी आईने हेच विचारलं होतं : "त्या फळ्यांवर वाळू मारली कुणी?" वॉशिंग्टन गेला त्या १७९९ साली तिथे ३१७ गुलाम होते. घरातल्या नोकरांची वर्दीही त्याने घराण्याच्या चिन्हातल्या रंगांवरून ठरवली होती. १७५५ मध्ये लंडनला ऑर्डर दिली, तेव्हा लिहिलं की चिन्हाची पार्श्वभूमी पांढरी आहे, पण कपडे अगदीच पांढरे नकोत. पट्ट्या आणि बंडी मात्र लालभडक. म्हणजे गुलामाच्या अंगावरचा कोटसुद्धा मालकाचं खानदान सांगणार.

घराण्याच्या चिन्हावरून आठवलं. १७७१ मध्ये जेफरसनने लंडनला जाणाऱ्या ओळखीच्याला सांगितलं की आमच्या घराण्याचं 'कोट ऑफ आर्म्स' आहे का बघ. नसलं तर विकत घे, ऐकलंय की इतर कुठल्याही कोटाइतक्याच स्वस्तात मिळतं. चेष्टेत लिहिलंय, पण चौकशी करायला सांगितलीच ना.

---

ओरिगामी

म्हणजे आपल्याकडच्या काळ्या साहेबांसारखंच की! घरात काटे-चमचे, मुलं विलायतेला, आणि साहेबाच्या क्लबात प्रवेश नाही.

---

उत्तररात्र

@ओरिगामी, ही तुलना मोहात पाडते पण बसत नाही. आपल्याकडच्या बॅरिस्टरला आपण इंग्रज नाही हे पक्कं ठाऊक होतं. हे लोक स्वतःला इंग्रजच मानत होते, कायद्याने आणि रक्ताने. जमीन त्यांनी इथल्या मूळ रहिवाशांकडून घेतलेली आणि राबणारे आफ्रिकेतून आणलेले. ते साहेबाच्या जागीच बसले होते, फक्त लंडनपासून तीन हजार मैल लांब.

धागाकर्त्याशीही थोडा असहमत आहे. 'धाकधूक कायम असे' हे जरा सरसकट झालं. व्हर्जिनियातला मळेवाला सकाळी उठून 'मी कोण' म्हणून झुरत नव्हता. इंग्लंडातले जमीनदारही कर्जात बुडालेले होते आणि तेही लंडनची फॅशन धापा टाकत गाठत होते. दुखायचं ते बरोबरीचा हक्क मागितल्यावर नकार मिळाला की. वॉशिंग्टनला तरुणपणी राजाच्या नियमित सैन्यात अधिकारपद हवं होतं. मिळालं नाही. वसाहतीचा कर्नल असूनही राजाची सनद असलेला साधा कॅप्टन त्याचा हुकूम मानायला तयार नसे. १७५६ मध्ये हा तंटा सोडवायला तो थंडीत घोड्यावरून थेट बॉस्टनला गेला. त्या एका कॅप्टनपुरता निकाल त्याच्या बाजूने लागला, पण राजाची सनद शेवटपर्यंत हाती आली नाही.

मग १७६० च्या दशकात लंडनने लादलेले कर आले तेव्हा जुन्या सगळ्या जखमा एकदम बोलायला लागल्या. डिसेंबर १७६९ मध्ये विल्यम्सबर्गच्या नृत्यसमारंभाला शंभरेक बायका घरी विणलेल्या कापडाचे गाऊन घालून आल्या, वर्तमानपत्राने कौतुकाने छापलं. दहा वर्षांपूर्वी याच घरांतून लंडनला रेशमाच्या याद्या जात होत्या. (आता लगेच कुणी परदेशी कापडाच्या होळ्यांवर जाऊ नका. इथे सूत कातायला बऱ्याच घरांत गुलाम बायकाच होत्या.)

---

चिंधीबाजार

कापडाचा विषय निघालाच आहे तर. या लोकांचं घरात वावरायचं वस्त्र 'बनियान' होतं. आपला गंजीफ्रॉक नव्हे, पायघोळ सैलसर झगा. गावात विग आणि घट्ट कोट, घरी आल्यावर विग उतरवून मऊ टोपी आणि बनियान. त्यात पुस्तक हातात घेऊन चित्रं काढून घ्यायचे, विद्वान दिसायला. शब्द आपल्याकडच्या वाण्यावरून गेलेला, गुजराती व्यापाऱ्यांवरून पोर्तुगीजांमार्फत. पुष्कळदा कापडही इकडचंच, छिटाचं. 'चिंट्झ' म्हणजे आपली छीट.

आणि त्यांच्या दारूच्या वाडग्यातलं 'पंच' हेही बहुतेकांच्या मते आपल्या पाचावरून : दारू, साखर, लिंबू, पाणी, मसाला. व्हर्जिनियाचे जंटलमन इंग्रज दिसण्यासाठी अंगात घालत होते वाण्याचा झगा आणि पीत होते आपलं पंचक. इंग्लंडातले इंग्रजही तेच करत होते म्हणा.

---

खवचट_काका

पंचावरून : १७५८ मध्ये वॉशिंग्टन फ्रेडरिक काउंटीतून विधिमंडळाच्या निवडणुकीला उभा राहिला, तेव्हा स्वतः तिथे हजरही नव्हता. मतदार चारशेच्या आत. त्यांना पाजलेली रम, पंच, वाइन, बिअर आणि सायडर मिळून १६० गॅलन. निवडून आला. वर पत्रात काळजी काय, तर मला मत न देणाऱ्यांनाही सारखीच पाजली ना? १७७७ मध्ये मॅडिसन (हाही पुढे राष्ट्राध्यक्ष झाला) तत्त्वाला जागला, पाजली नाही, पडला.

गावजेवण घालणारे उमेदवार आपल्याला नवीन नाहीत. यजमानपण हाही जंटलमनचा धर्मच!

---

गॅलरीतून

मला यातला सर्वांत मजेदार माणूस फिलिप फिथियन वाटतो. प्रिन्स्टनमध्ये शिकलेला, उत्तरेकडचा, भाविक प्रेस्बिटेरियन तरुण. १७७३ मध्ये व्हर्जिनियातल्या नॉमिनी हॉल या हवेलीत रॉबर्ट कार्टर तिसरा याच्या मुलांचा मास्तर म्हणून आला (हा 'किंग'चा नातू). त्याने वर्षभर रोजनिशी लिहिली. बाहेरचा असल्यामुळे घरच्यांना न दिसणारं सगळं त्याला दिसलं.

इथे तरुण जंटलमन म्हटला की त्याला नाच, मुष्टियुद्ध, फिडल, तलवारबाजी आणि पत्ते येणारच असं गृहीत धरतात, असं तो लिहितो. याला नाचता येत नव्हतं. जानेवारी १७७४ मध्ये ली घराण्यात काही दिवस चालणारा मोठा नृत्यसमारंभ झाला. लोक आग्रह करतायत आणि हा बापडा बसून. मिनुएट हा नाच म्हणजे परीक्षाच : एका वेळी एकच जोडी मधे आणि बाकी सगळा दिवाणखाना पाय कसे पडतात ते बघणार. नाच शिकवणारे मास्तर या हवेलीतून त्या हवेलीत फिरत असत आणि चुकलेल्या मुलांना फटकेही देत.

रविवारच्या चर्चचं वर्णन तर वाचाच. आत जाण्याआधी धंद्याची पत्रं द्या-घ्या, तंबाखू-धान्याचे भाव, घोड्यांची कुळं. मग घाईघाईत प्रार्थना, प्रवचन वीस मिनिटांच्या वर कधीच नाही. बाहेर आल्यावर पाऊण तास गप्पा आणि जेवणाची आमंत्रणं.

परत जाताना आपल्या जागी येणाऱ्या मित्राला त्याने सल्ला दिला : प्रिन्स्टनची पदवी घेऊन आलास की घराणं, जमीनजुमला काही न विचारता इथे तुझी किंमत १०,००० पौंड धरली जाईल. मास्तर होण्याचा एवढा भाव मला तरी कुणी दिला नाही.

याच कार्टरने पुढे १७९१ मध्ये दस्त करून ४५० हून जास्त गुलामांना टप्प्याटप्प्याने मुक्त करायची व्यवस्था केली. शेजारी चिडले. वॉशिंग्टन-जेफरसनच्या गर्दीत त्याचं नाव कुणाला माहीत नसतं.

---

लासलगाववाला

घोड्यांवरून एक राहिलं. १६७४ मध्ये यॉर्क काउंटीत जेम्स बुलॉक नावाच्या शिंप्याने आपली घोडी शर्यतीत उतरवली. कोर्टाने दंड केला १०० पौंड तंबाखू. कारण : शर्यत हा फक्त जंटलमन लोकांचा खेळ, मजुराने खेळायचा नाही. ज्याच्याशी शर्यत लावली होती त्या जंटलमनने लबाडी केल्याचं निघालं, त्याला तासभर खोड्यात अडकवलं. दंड तंबाखूत, हे विशेष.

---

ओरिगामी

@उत्तररात्र, पटलं. तुलना मागे घेतो.

त्या बर्डच्या पुस्तकांचं पुढे काय झालं?

---

जेम्सकाठी

मुलाने घालवली. विल्यम बर्ड तिसरा जुगारी होता. घोडे, पत्ते, फासे. कर्ज इतकं वाढलं की १७६० च्या दशकात जमिनीचे तुकडे लॉटरीवर काढले. ज्या रिचमंडात मी राहतो ते बापाने १७३७ मध्ये आखलेलं गाव, आणि पोराने लॉटरीत काढलेल्या जमिनी इथल्याच. १ जानेवारी १७७७ ला त्याने आत्महत्या केली. त्यानंतर पुस्तकं विकली गेली.

@उत्तररात्र, 'कायम' हा शब्द मागे घेतो. पण गुप्त लिपीतली ती रोजची हजेरी मला अजून छळते.

व्यनितून दोघांनी विचारलंय म्हणून इथेच सांगतो : वेस्टोव्हरचं घर खाजगी आहे, बागेत मात्र जाता येतं. रूट ५ वरून आत वळायचं, नदी लागेपर्यंत. बर्ड दुसरा बागेतच पुरलाय, वर मोठा दगड आहे (हा खरा दगड, बाबांनी तपासला). त्यावर शिक्षण, रॉयल सोसायटी, लंडनच्या थोर ओळखी, सगळं कोरलंय. 'स्प्लेंडिड इकॉनॉमिस्ट' असंही आहे, म्हणजे संसाराचा हिशोब झोकात राखणारा. लासलगाववाल्यांना घेऊन एकदा जायला हवं.

आई दुसऱ्या बाजूला गेली होती. तिने विचारलं, "आणि युजीनला कुठे पुरलं?" मी गाडी काढली. परतीच्या वाटेवर आम्ही फार बोललो नाही.